शून्य कोणाचे?

परवा नात म्हणाली, "आजोबा, पहाटे १५ अंश होतं, आत्ता ३० आहे. म्हणजे तापमान दुप्पट झालं ना?" वर्तमानपत्रातून डोके न काढताच मी 'हो' म्हणून मोकळा झालो. जन्मभर मास्तरकी केलेली. चूक लगेच ध्यानात आली, पण कबूल करायला चहा संपावा लागला.

मग कागद घेतला. सेल्सियसच्या अंशांना ९ ने गुणावे, ५ ने भागावे, ३२ मिळवावेत, की झाले फॅरनहाइट. १५ चे ५९ झाले, ३० चे ८६. दुप्पट राहोच, दीडपटही भरेना! हवा तीच, ऊन तेच.

गोम शून्यात आहे. फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा गारठा शून्य मानला. सेल्सियसने तर १७४२ साली पाणी उकळते तिथे शून्य ठेवले आणि गोठते तिथे १००. ते मागाहून उलटवले गेले. दोन्ही शून्ये माणसाच्या सोयीची. निसर्गाचे शून्य सेल्सियसच्या शून्याखाली २७३.१५ अंशांवर. त्याच्या जवळ जाता येते, तिथे पोचता मात्र येत नाही. तिथून मोजण्याच्या पद्धतीला केल्विनचे नाव आहे. त्या हिशेबाने पहाट २८८ ची, दुपार ३०३ ची. वाढ जेमतेम शेकडा पाच.

नात खूश झाली. मला मात्र एक जुनी गोष्ट आठवून बेचैन वाटू लागले.

माझ्या शाळेत दोघे भाऊ होते. गणितात थोरल्याला ८०, धाकट्याला ४०. वडील विचारायला आले, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "थोरला दुप्पट हुशार आहे." जूनमध्ये धाकटा आला नाही. त्याला दुकानात बसवले होते. पुढे मी तिथे जाई, तेव्हा तो दहा जिनसांची बेरीज तोंडी करून पैसे परत देई, आणि मी ते मुकाट्याने खिशात टाकी.

प्रश्नपत्रिका मी काढलेली, तिचे शून्यही मीच ठेवलेले. ज्याला तीतले एकही उत्तर आले नसते, त्याला काय काहीच येत नव्हते? गुण देण्यावाचून शाळा चालत नाही, हे मान्य. पण ते ४० अंक निराळे आणि 'निम्मा' हा शब्द निराळा. अंक मी मोजले होते. शब्द माझ्या पदरचा होता. दुकानात त्याला बसवले ते त्या शब्दाने.

मी गप्प बसलेला पाहून नातीने कागद आपल्याकडे ओढला आणि उणे आकडे मांडत सुटली. "आजोबा, उणे ४० ला दोन्ही सारखेच येतात!" ते तिचे तिनेच शोधले होते. शाबासकी दिली; शंभरापैकी किती, ते सांगितले नाही.