फुकटच्या मुक्कामाचा हिशेब

पावसाळा सरला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बेत हमखास शिजू लागतो. लांब जायचं नाही, हॉटेल नको, वर्गणी कमीत कमी. पण एक रात्र तंबूत काढायची. मलंगगडाचं नाव निघतं, येऊरचं निघतं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून. तिथल्या जंगलात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, हे कोणीतरी सांगतं आणि चर्चा लांबते. या बेताला हल्ली थोडं अध्यात्मही चिकटलेलं असतं: पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच सामान, खिशाला झेपेल तेवढाच खर्च, म्हणजे हा एका रात्रीपुरता अपरिग्रहच!

खरंच आहे का तो?

याच डोंगररांगेत, येऊरच्या पश्चिमेला, कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळजवळ हजार वर्षांची वस्ती. अनेक खोल्यांत निजायला दगडी ओटा आहे, दारापाशी पाण्याचं टाकं आहे. बौद्ध भिक्षूंच्या मुक्कामाची ही जागा ओसाड रानात नव्हती. सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची गजबजलेली बंदरं इथून पायी गाठता येत होती. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, राजा बिंबिसार बुद्धासाठी वेळुवन निवडतो तेव्हाही निकष हाच असतो: गावापासून फार दूर नको, फार जवळ नको. शांतता हवी, पण सकाळी भिक्षेला जाता आलं पाहिजे. म्हणजे शहराच्या कडेला राहून शहरापासून सुटण्याची ही खटपट मुळीच आजची नाही.

खर्चाचं मात्र कान्हेरीत सगळं लिहून ठेवलेलं आहे. एका शिलालेखात कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिल्याची. चीवरांसाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, कायम ठेवी ठेवल्याचेही लेख आहेत. भिक्षूजवळ पात्र आणि वस्त्रं सोडून फारसं काही नव्हतं, तरी त्याचा मुक्काम फुकटचा नव्हता. त्याचे पैसे कल्याणच्या पेठेतून येत होते.

मग अपरिग्रह कुठे राहिला? तो नियमांत होता. आजारपण वगैरे कारण नसताना, केवळ ऊब मिळावी म्हणून भिक्षूने शेकोटी पेटवायची नाही, असा विनयाचा नियम आहे. त्यामागची गोष्ट अशी की थंडीत काही भिक्षूंनी पोकळ ओंडका पेटवला, आतून काळा साप बाहेर आला आणि धावपळ उडाली. झाडं तोडायची नाहीत, जमीन खणायची नाही, हिरवळीवर किंवा पाण्यात घाण करायची नाही. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याची प्रथाही लोकांच्या तक्रारीतून आली: हे भिक्षू भर पावसात हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, असं लोक म्हणू लागले होते. आणि शेकोटीचंच बोलायचं तर, आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात धोका होईल अशी आग पेटवायला त्यात मनाई आहे. विनय त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीचा.

जैन परंपरा याहून बारकाईने बघते. विहार करणाऱ्या साधु-साध्वींना मुक्कामाला उपाश्रय लागतो, आणि जागा कोणाचीही असो, मालकाची परवानगी घेतल्याशिवाय तिथे राहायचं नाही. मुक्कामाला जागा देणारा तो शय्यातर. श्वेतांबर आचारात त्याच्याच घरून आहार घ्यायला मनाई आहे. ज्याने छप्पर दिलं त्याच्यावर जेवणाचाही भार पडू नये, हा त्यातला एक विचार.

येऊरच्या पाड्यांवरचे वारली आदिवासी वाघोबा या देवाला जंगलाचा धनी मानतात. उद्यानात चाळीसहून अधिक बिबटे आहेत, तेव्हा ही श्रद्धा रोजच्या जगण्याशी भिडलेली आहे. जंगल कोणाचं तरी आहे आणि माणूस तिथे पाहुणा आहे, हे वाघबारसेला नैवेद्य ठेवणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

या तिन्ही परंपरांत आपल्या खिशातून किती कमी गेले हा प्रश्नच नाही. आपल्या राहण्याचा भार कोणावर पडला, एवढंच त्या विचारतात. खर्चाचंच माप लावायचं तर कल्याण स्टेशनबाहेर उघड्यावर झोपणारा मजूर सर्वांत मोठा अपरिग्रही ठरेल. सामान एक गाठोडं, भाडं शून्य. त्याला कोणी व्रती म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. सोडायला आधी हातात काही असावं लागतं. शिवाय तंबूवाल्याला सकाळी घर आहे. मजुराला हवालदाराने उठवलं की दुसरी जागा शोधावी लागते. उघड्यावर झोपणं दोघांचं सारखं दिसलं तरी एकाच्या वाट्याला मौज आलेली असते आणि दुसऱ्याच्या वाट्याला बिनघराचं जिणं.

आता समजा, जंगल आणि गड दोन्ही बारगळले आणि ग्रुपने डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर तंबू ठोकायचं ठरवलं. जागेचं भाडं नाही. पण पाणी सोसायटीच्या टाकीतलं, वॉचमनला रात्री दोनदा जास्त जिना चढावा लागणार, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप हसण्याखिदळण्याने मोडणार, आणि कागदी प्लेटा सकाळी सफाईच्या मावशी उचलणार. स्वामिदत्त सोनाराने टाकं आपणहून दिलं होतं. यांतल्या कोणालाही कोणी विचारलेलं नाही. फक्त सेक्रेटरीची परवानगी काढलेली आहे. म्हणजे शय्यातर तेच. नियम काटेकोर पाळायचा, तर सकाळी त्यांच्या घरून येणाऱ्या चहाला नाही म्हणायला हवं, आणि पोह्यांना तर हवंच.