मुखवट्याची पाठ

भाजलेल्या मातीचा मुखवटा बहुधा कुणी घालत नाही. तो जड, ठिसूळ असतो आणि कपाळाला घाम सुटला की टोचतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या उत्सवात रात्रभर नाचणाऱ्यांच्या तोंडावर लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतात. प्राचीन ग्रीक नटांचे मुखवटेही कापडासारख्या हलक्या वस्तूंचे होते. त्यांतला एकही आज उरलेला नाही. ते चेहरे आपल्यापर्यंत पोचले, ते देवाला वाहिलेल्या आणि मृतांसोबत पुरलेल्या मातीच्या प्रतिकृतींमुळे. वापरलं गेलेलं सगळं झिजून गेलं. मातीकाम शिकताना मी मुखवट्यांकडे वळले, ती या विचाराने.

सिसिलीच्या उत्तरेला लिपारी नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. इ.स.पूर्व 252मध्ये रोमनांनी तिथलं ग्रीक नगर उद्ध्वस्त केलं. त्याआधीच्या दफनभूमीत तळहातावर मावतील असे मातीचे नाट्यमुखवटे शेकड्यांनी सापडले. पुरातत्त्वज्ञ लुईजी बेर्नाबो ब्रेआ यांनी त्यांची ओळख पटवताना दुसऱ्या शतकातल्या पोलक्स या कोशकाराची यादी समोर ठेवली. ग्रीकांच्या उत्तरकालीन सुखात्मिकेतले 44 मुखवटे पोलक्सने वर्णिले आहेत: म्हातारे, तरुण, गुलाम, स्त्रिया, कुणाचा वर्ण कसा, केस कसे, भुवया कशा.

त्यांतला घरचा कर्ता म्हातारा माझ्या मनातून जात नाही. त्याची एक भुवई चढलेली, दुसरी शांत. रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन सांगतो, की नाटकातला हा बाप घटकेत भडकतो, घटकेत निवळतो, म्हणून नट प्रसंगाला शोभेल ती बाजू प्रेक्षकांकडे करतो. न हलणाऱ्या वस्तूत दोन मनःस्थिती बसवणारा तो अनामिक कारागीर मला मोठा कलावंत वाटतो. तोच चेहरा मी करायला घेतला.

आधी माती मळायची. तीत खापराची बारीक भुकटी मिसळायची, म्हणजे माती कमी आकसते आणि वाफेला वाट मिळते. मग सारख्या जाडीचा थर लाटून वाळूच्या उंचवट्यावर पसरायचा. थोडा घट्ट झाला की उचलून हातात घ्यायचा. इथे आमच्या शिक्षिकेचा एकच हेका असे: गाल बाहेरून चिकटवू नका, आतून ढकला. बाहेरून थर चढवत गेलं की नाक जाड होतं, पापणी पातळ राहते. पातळ भाग आधी वाळतो, जाड मागे रेंगाळतो आणि दोहोंच्या सीमेवर भेग जाते. भट्टीत वस्तू फुटली की दोष हवेच्या बुडबुड्याला देतात, पण खरा अपराधी बहुतेकदा जाड भागात अडकलेला ओलावा असतो. शंभर अंशांच्या पुढे त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला जागा नसते. पुढे 573 अंशांजवळ मातीतल्या गारेचे कण एकाएकी फुगतात, तेव्हा तिथेही आच सावकाश वाढवायची.

म्हणून चढलेली भुवई मला आतल्या अंगठ्याने उचलावी लागली, बाहेरच्या बोटाने फक्त तिची धार धरायची. राग बाहेर दिसतो, पण त्याचा जोर पोकळीतून येत होता. चेहऱ्याकडे इतका वेळ मागून पाहण्याची सवय डोळ्यांना नव्हती.

ग्रीक कारागीर अशा छोट्या वस्तू बहुधा साच्यात माती दाबून करत. साच्यातून निघालेली वस्तू वाळताना, भाजताना आकसते. तिच्यावरून नवा साचा घेतला, तर त्यातून निघणारी आणखी लहान. ही घटती मापं घेऊन अभ्यासक मातीच्या मूर्तींची वंशावळ लावतात. समोरचा चेहरा असा पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत राहतो, त्यात करणाऱ्याचा वाटा थोडाच. मागची बाजू मात्र दर वेळी नव्याने घडते. तिथे दाबलेल्या बोटांचे खळगे राहतात, कधी ठशांच्या रेषाही.

संग्रहालयांत मुखवटे भिंतीला पाठ लावून मांडतात. निदान एखाद्यामागे तरी आरसा लावावा, असं मला फार वाटतं. चढलेल्या भुवईमागे अंगठा किती खोल गेला होता, ते पाहणाऱ्याला कळायला हवं.