स्वयंपाकघर नसलेली घरं

जुनं घर दिसलं की मी आधी स्वयंपाकघरात डोकावते. अमेरिकेत सीडर रॅपिड्सहून तासाभराच्या आत, आयोवा काउंटीतल्या अमाना गावांत ही खोड चालत नाही. दगडविटांची, न रंगवलेल्या लाकडाची दुमजली घरं अजून धडधाकट आहेत. भिंतींवर द्राक्षवेलींसाठी लाकडी जाळ्या, आत निळा चुना दिलेल्या खोल्या. पण मुळात या घरांत चूलच नव्हती.

जर्मनीत 1714 साली सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाची ही माणसं. आधी बफेलोजवळ राहिली, 1855 पासून इथे आली. सात गावं, सुमारे 26,000 एकर जमीन, सगळं सामाईक. जेवायलाही सामाईक स्वयंपाकघर, एकेका ठिकाणी 30-40 पानं. शाळा संपली की मुलगी तिथे कामाला लागायची.

ज्यांनी आपला पैसा सामाईक पेटीत टाकला, त्यांचा त्याग मला कळतो. पण त्यांच्या नातीनं काय सोडलं? तिच्यापाशी सोडण्याजोगं होतं काय? जैन साधूला दीक्षा स्वतः घ्यावी लागते. वारकऱ्याच्या पोरानंही माळ आपल्या मनानंच घालायची. अमानात जायची वाट मोकळी होती, हे खरं. पण आईबाप आणि पंगत मागे टाकून निघणं सोपं नसणार.

1923 च्या आगीत पिठाची गिरणी गेली, लोकरीच्या गिरणीचं मोठं नुकसान झालं, पुढे मंदी आली, तरुणांना स्वतःचं काही हवं होतं. 1932 मध्ये मतदान होऊन धर्म आणि धंदा वेगळे झाले. समभाग वाटले गेले, लोकांनी घरं विकत घेतली, घरोघरी चूल आली. (दोनच वर्षांनी यांतल्याच एका गावात फ्रीजचा कारखाना निघाला. चूल नसलेल्या गावाचं नाव मग अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत पोचलं!) आपल्याकडे चुली वेगळ्या झाल्या की घर मोडलं म्हणतात. मला मात्र वाटतं, त्याग करायची संधी त्या नातीला तेव्हाच मिळाली.

पंथ टिकला. दफनभूमीत सारखेच लहान दगड, मरणाच्या क्रमानं लावलेले. नवऱ्याशेजारी बायको नाही; त्याच्यामागून जो गेला तो. 1932 नंतरच्या ओळीही तशाच आहेत. दिसायला फरक शून्य, पण माझ्या लेखी मोठा आहे: या दुसऱ्यांना मोठा दगड परवडला असता.