खाली आलेले धनुष्य

डिचोली तालुक्यात हरवळ्याच्या रुद्रेश्वराला महाशिवरात्रीला माणसांची रीघ लागते, आणि शिवलीलामृताचा दुसरा अध्याय त्या दिवशी भक्तिभावाने वाचला जातो. श्रीधरस्वामींच्या 1718 सालच्या या ग्रंथातला व्याध बेलाच्या झाडावरून बाण लावतो. समोरची गाभण हरिणी परत येण्याची शपथ घेऊन थोडी मुदत मागते, आणि तो ती देतो. नकळत वाहिलेल्या बेलपानांनी त्याचा उद्धार झाला, असे आपण सांगत आलो. मला वाटते, पानांइतकेच मोल खाली आलेल्या त्या धनुष्याचे आहे.

त्या व्याधासारखी धनुष्याने हरणाची शिकार अमेरिकेत आजही कायदेशीर आहे. बाणाला पक्के बसवलेले पाते लावावे की आदळताच उघडणारे, यावर तिथले शिकारी हिरिरीने वाद घालतात. गोळीसारखा धक्का बाण देत नाही. तो रक्तस्रावाने मारतो. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली तर हरीण काही सेकंदांत कोसळते, पोटात घुसला तर तासन्‌तास तडफडते. उघडणारे पाते मिटलेले असते तोवर सरळ जाते आणि जखम रुंद करते. पण उघडण्यातच बाणाचा थोडा जोर खर्ची पडतो, आणि खांद्याच्या हाडावर बसले तर ते फार आत जात नाही. पक्क्या पात्यात हलणारे काही नसल्याने ऐनवेळी दगा देण्यासारखेही काही नाही. मात्र बाण धनुष्याशी नीट जुळवलेला नसेल तर ते भरकटते. कमी ताणाच्या धनुष्याला पक्के पातेच बरे. मुक्या जिवाच्या वेदनेचा एवढा बारीक हिशेब कोणी करत असेल तर त्याला ढोंग म्हणून झटकून टाकू नये.

यावर कोणी म्हणेल, हिंसा ती हिंसा, तिला कसले मोजमाप? पण मोजमाप आपल्याच परंपरेने केले आहे. पतंजलींनी हिंसेचे मृदू, मध्यम आणि तीव्र असे भेद सांगितले. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली हिंसाही वेगळी मोजली. महाभारतात मृगरूपातला किंदम ऋषी पंडूला शाप देतो तो मृगयेबद्दल नव्हे, तर समागमाच्या क्षणी न थांबता बाण मारल्याबद्दल. म्हणजे कसे आणि केव्हा मारले, यालाही धर्मात जागा आहे. मग उत्तम पाते घेतले की काम संपले? नाही. पाते वेदना कमी करील, पण बाण सोडावा की नाही हे ते ठरवत नाही. उलट चांगल्या हत्याराच्या भरवशावर माणूस जास्त लांबून, तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडातही बाण सोडायला धजावतो. वेदनेची ज्याला खरी काळजी, त्याचे धनुष्य वारंवार खाली यायला हवे. कोळसुंदे हरणाला याहून क्रूरपणे फाडतात, हे खरे. पण कोळसुंद्यांना थांबण्याची मुभा नाही, माणसाला आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बाणाचा प्रश्न उरत नाही. फासाचा उरतो. रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात, तेव्हा शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे, आणि भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण कुंपणाच्या फटीत लावलेली क्लचवायर डुक्कर ओळखत नाही. तिच्यात भेकर सापडते, मेरू सापडतो, बिबटाही सापडतो. जनावर जितके ओढते तितकी तार कमरेत रुतत जाते, आणि फास लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. बाणामागे निदान डोळा असतो. मुदत मागितली तर ऐकणारा कोणी असतो. फासासमोर हरिणीने शपथ कोणाला घालायची? पतंजलींच्या मापाने ही तीव्र हिंसा आहे, आणि तार दिसूनही जो गप्प राहतो त्याची संमती तिच्यात आहे. यंदा हरवळ्याच्या वाटेवर, कुळागराच्या कडेला अशी तार दिसली, तर जागा लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवा.