मुलांकडून शिकावं

डिसेंबरातला जर्मनी. सकाळचे आठ वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं. नव्याने गेलेलं मराठी कुटुंब तिथलं पहिलं वर्ष काढत असतं. बेकरीत आई शब्द शोधते आणि लेक चटकन सांगते, "आई, पावाला ब्रोट म्हणतात." घरातला क्रम इथे उलटतो. मुलांना भाषा खेळता खेळता येते. मोठ्यांची जीभ चुकण्याच्या भीतीने अडते. म्हणून मुलांकडून शिकावं. मोकळ्या मनाने शिकावं.

कुणी म्हणेल, अशाने वडीलकीचा मान जाईल, मराठीही जाईल. मला तसं वाटत नाही. मुलांना दोन भाषा पेलतात. घरातलं मराठी बोलणं थांबलं, तरच मराठी विरते. आणि मान? चुकत चुकत शिकणारा बाप मुलाला धीर देतो. कारण वर्गात तेही रोज चुकत असतं, फक्त घरी सांगत नाही. मुलांकडून शिकावं ते यासाठीही. तेव्हा आजीआजोबांनो, आज फोनवर नातवाला "मराठी विसरलास का?" असं विचारू नका. "नवा शब्द कोणता शिकलास? मलाही शिकव," असं म्हणा. आणि मग त्याच्याशी मराठीतच, निवांत बोलत राहा.