गच्चीचा कठडा आणि शेजाऱ्याची भिंत



प्रायश्चित्तकाळ आणि बांधकामाचा हंगाम आपल्या अचलपुरात जवळपास एकाच वेळी सुरू होतो. पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे, म्हणून आतापासूनच गल्ल्यांच्या तोंडाशी रेती-गिट्टीचे ढीग दिसू लागले आहेत. पायाभरणीच्या प्रार्थनेची आणि नव्या घराच्या आशीर्वादाची निमंत्रणे आम्हाला येतात आणि आम्ही ती आनंदाने स्वीकारतो. मात्र अशा प्रार्थनेला पाहुणे लांबून येतात आणि भिंतीला भिंत असलेला शेजारी येत नाही, असे पुष्कळदा दिसते. या रविवारी त्याविषयी बोलावे असे वाटले.

आपले गाव जुने आहे. 1490 मध्ये वऱ्हाडात इमादशाही आली आणि एलिचपूर, म्हणजे हेच अचलपूर, तिची राजधानी झाले. 1905 पर्यंत एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. दुल्हा दरवाजा आजही उभा आहे, आणि सुलतानपुरा, बिलनपुरा, सरमसपुरा ही नावे आपण रोज घेतो. या पुऱ्यांतली जुनी घरे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, सागवानी खांबांची, वर धाबे किंवा कवेलू. मे महिन्याच्या उन्हात अशा घरात शिरल्यावर काय वाटते, हे ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको. एका घराची भिंत दुसऱ्या घराला टेकलेली असते. पावसाचे पाणी कुणाच्या बाजूने उतरायचे, न्हाणीचे पाणी कोणत्या बोळातून जायचे, हे कागदावर नसले तरी सर्वांना ठाऊक असे.

आता वाड्याचे तीन हिस्से होतात. ढेलजेच्या जागी गाळे येतात, मागच्या मोकळ्या जागेत दहा-बारा फुटी पट्ट्यावर दोन मजले उभे राहतात. काही ठिकाणी अख्खा वाडा पाडून फ्लॅट स्कीम होते. जुन्याच्या प्रेमापोटी याला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. मातीची भिंत दरवर्षी लिंपावी लागते, लिंपणारे हात उरले नाहीत, आणि पावसाळ्यात ती बसली तर जीव जातो. भाऊ वेगळे होतात, सुनांना स्वतंत्र स्वयंपाकघर हवे असते, यात पाप कसले? 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःची जागा असलेल्या गरीब कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळत आले. त्या पैशांतून ज्यांच्या डोक्यावर पहिल्यांदा पक्के छत आले, त्यांच्या घरात प्रार्थना करताना आम्हाला देवाचे आभार मानावेसे वाटले. घराला घर जोडून जागाच उरू न देणाऱ्यांना यशया संदेष्ट्याने धिक्कारले आहे (यशया 5). पण तो धिक्कार दुसऱ्यांच्या जमिनी गिळणाऱ्या श्रीमंतांसाठी होता. धाकट्या भावाच्या दोन खोल्यांना विरोध करण्यासाठी कुणी ते वचन वापरू नये.

मग प्रश्न कुठे येतो? तो भिंतीपाशी येतो. कॉलमसाठी चार-पाच फूट खड्डा खणला जातो आणि त्याला लागून शेजाऱ्याची पाया नसल्यासारखी मातीची भिंत असते. आपला वाडा पाडताना तिला बांधून ठेवणारी लाकडे निघतात आणि आजवर कधी पाऊस न पाहिलेली बाजू उघडी पडते. नवे घर जोत्याने तीन फूट वर जाते, पुढचा काँक्रीट रस्ताही दरवेळी थोडा उंचावतो, आणि मधले जुने घर खड्ड्यात बसते. आपल्या छज्जाचे पाणी त्याच्या कवेलूंवर पडते. त्याची एकुलती खिडकी आपल्या विटांनी बुजते. त्या घरात बहुधा एखादी म्हातारी एकटी राहत असते, मुले पुण्याला असतात, आणि तिच्या बाजूने नगर परिषदेत हेलपाटे घालणारे कुणी नसते.

“फादर, आमच्याजवळ परवाना आहे,” असे आम्हाला सांगितले जाते. असेलही. दाट वस्तीतल्या लहान भूखंडांना बाजूची जागा सोडण्याच्या बाबतीत नियम सवलत देतात, कारण तसे नसते तर तिथे घरच बांधता आले नसते. उलट वीस वर्षे विनाअडथळा मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क 1882 चा इझमेंट कायदा मानतो. म्हणजे खटला दोन्हीकडून लढता येईल, आणि निकालापर्यंत भिंत शिल्लक राहणार नाही.

पवित्र शास्त्रात घर बांधण्याविषयी एक छोटासा नियम आहे. अनुवादाच्या 22व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की, नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा करा. कुणी वरून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. तिकडची घरेही आपल्यासारखीच धाब्याची होती. यरीहोत राहाबेने धाब्यावर वाळत टाकलेल्या अंबाडीच्या काड्यांखाली हेरांना लपवले, आणि यापोत संत पेत्र दुपारी प्रार्थनेला धाब्यावरच गेला होता. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या आपल्याला कठड्याचे मोल समजावून सांगायला नको. जागा तुझी, पैसा तुझा, पण त्या बांधकामात दुसऱ्याच्या जिवाचा विचार आधीच धरलेला असला पाहिजे, असे हा नियम म्हणतो. तो विचार घर पूर्ण झाल्यावर दया म्हणून करायचा नसतो. तो नकाशातच येतो, विटा-सिमेंटाच्या हिशोबात येतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच धरून मांडले की, मालमत्ता स्वतःची म्हणून मिळवावी आणि सांभाळावी, पण वापरताना ती सर्वांची आहे असे मानावे. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेसाठी शिकलो. त्याचा खरा अर्थ सांडपाण्याच्या पाइपापाशी कळतो.

मुंबईत गिरगावची खोताची वाडी पाहिली असेल तर आठवा. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी घरांची ती वस्ती. तिथे एकेकाळी सुमारे 65 जुनी घरे होती, आज त्यांच्या निम्मीही नाहीत, आणि आजूबाजूला उंच इमारती आहेत. घरे विकणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. दुरुस्तीचा खर्च ज्याला पेलत नाही त्याने काय करावे? पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दोन्ही गोष्टी जवळजवळ मांडल्या आहेत: माणसाला आपलेपणा देणारी वस्तीची रूपे जपावीत, आणि गरिबाला घर मिळावे. एकीच्या नावाने दुसरी मोडू नये.

आपल्या पुऱ्यांत आपण ख्रिस्ती थोडे आहोत. भिंतीपलीकडे मुसलमान, हिंदू, बौद्ध कुटुंब असते. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने शोमरोन्याची गोष्ट सांगून उत्तर दिले, म्हणजे परक्या समाजाचा माणूस पुढे केला. आपण बांधलेली भिंत पाहून तो आपल्याविषयी जे मत करील, ते आमच्या कुठल्याही प्रवचनाने बदलणार नाही.

आणि आपल्या आपल्यातही काय आहे? मिस्सेत शांतीचा नमस्कार करताना काही माना दुसरीकडे वळतात. आम्ही नावे घेत नाही. अशी जोडी एकच नाही. संत मत्तयच्या 5व्या अध्यायात प्रभू म्हणतो की अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर. तिथला एक शब्द नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. म्हणजे चूक कुणाची हे ठरण्याआधीच उठून जायचे आहे. परवाना खिशात असलेल्यानेही.

या वर्षी ज्यांचे काम निघणार आहे त्यांनी खड्डा खणण्यापूर्वी नकाशा घेऊन शेजारच्या घरी जावे, तिथे चहा घ्यावा, आणि पाणी, खिडकी, भिंत या तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. आपल्या धर्मग्रामातील गवंडीकाम करणारे दोन बांधव लागून असलेली मातीची भिंत विनामोबदला पाहायला तयार आहेत. तिला टेकू कुठे द्यायचा ते सांगतील. त्यांची वेळ मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत विचारावी. शेजाऱ्याकडे जायला कुणाला संकोच वाटत असेल तर आम्ही सोबत येऊ. पायाभरणीची प्रार्थना त्यानंतरच्या कोणत्याही दिवशी ठेवता येईल.