खोटं कशाला म्हणायचं?

"सर, जादूवर भरवसा ठेवणं गुनाह. मग जादूची कादंबरी वाचणं काय?" दहावीनंतर कॉलेजात गेलेला आमचा एक विद्यार्थी हा सवाल घेऊन घरी आला. हातात गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाची १९६७ सालची कादंबरी, 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'.

आम्ही मास्तरी उत्तर दिलं, "बेटा, ही प्रतीकं आहेत. पिवळी फुलपाखरं म्हणजे प्रेम, निद्रानाशाची साथ म्हणजे विस्मरण." त्यावर तो म्हणाला, "मग लेखकाने सरळ तसंच का नाही लिहिलं?"

आम्ही गप्प झालो. त्या साथीत माकोंदो गावातले लोक वस्तूंची नावं विसरू लागतात, म्हणून टेबल, खुर्ची, घड्याळ यांवर चिठ्ठ्या लावतात. गाईचं दूध रोज काढायचं असतं, हेही लिहून ठेवतात. देव आहे, अशी पाटीसुद्धा रस्त्यावर लावतात. 'विस्मरण' या एका शब्दात ती पाटी मावत नाही. प्रतीकाचा अर्थ फळ्यावर लिहून टाकला की वाचणंच संपतं, ही आमची चूक होती.

राहिला गुनाहचा सवाल. जादू करणं, करवणं आपल्या दीनमध्ये मना आहे. पण 'तिलिस्म-ए-होशरुबा'तल्या अय्यारांच्या करामती ऐकून आमच्यापैकी कुणाचं ईमान डळमळलं नाही. सांगणाऱ्या नानीला आणि ऐकणाऱ्या आम्हांला ठाऊक होतं, ही दास्तान आहे. झूठ तिथे असतं जिथे फसवण्याची नियत असते. मार्केझलाही आजीनेच शिकवलं. अजब गोष्टी ती चेहऱ्यावरची रेषाही न हलवता सांगत असे.

फसवण्याची नियत या कादंबरीतही आहे, पण ती जादूच्या पानांवर नाही. रेमेडियोस नावाची सुंदर मुलगी चादरींसकट आभाळात जाते, आणि गावातले बहुतेक लोक ते मानतात. पुढे केळीच्या मळ्यांतले मजूर संप करतात, फौज गोळ्या झाडते, प्रेतं आगगाडीत भरून समुद्राकडे नेली जातात. त्या गाडीतून जिवंत परतलेला माणूस तीन हजारांहून अधिक मेल्याचं सांगतो. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. इथे कुणी मेलंच नाही, असं त्याला ऐकवलं जातं.

हा भाग हवेतून आलेला नाही. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातल्या सिएनागा इथे युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर फौजेने गोळीबार केला होता. किती मेले, याचा हिशेब आजवर लागलेला नाही.

"म्हणजे सर, उडालेली मुलगी खरी आणि मेलेली माणसं खोटी?" आमच्या विद्यार्थ्याने विचारलं. आपल्या मोहल्ल्यातही एखादे दादा काही सांगतात, जे कुठल्याच कागदावर नसतं. आपण मान डोलावतो आणि विषय बदलतो.

आता वर्गात कहाणी शिकवताना आम्ही प्रतीकाचा अर्थ नंतर विचारतो. आधी विचारतो, या कहाणीत कुणाचं ऐकलं गेलं नाही?